लाइन क्लिअर

श्रीपत ओव्हाळ तीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होता, आणि त्या तीस वर्षांत आपल्या हातून एकही माणूस, बैल किंवा वानर दगावलं नाही हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. विचारणारे तसे कमीच. रिटायर झालेल्या माणसाचं शहाणपण उतू जायला लागतं आणि खाली भांडं धरायला कुणी उभं राहत नाही. श्रीपतचं सगळं शहाणपण मात्र एका वाक्यात मावत होतं: लाइन क्लिअर ज्यानं घेतलं, त्यानंच परत द्यायचं.

खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घ्यायची, याला लाइन क्लिअर घेणं म्हणतात. काम झालं की ज्यानं घेतलं त्यानंच, स्वतःच्या तोंडानं, 'मी उतरलो, माझी माणसं उतरली' असं सांगून ते परत करायचं. मग लाइन सुरू. तिथं निरोप चालत नाही, चिठ्ठी चालत नाही, मोठ्या साहेबाचा शब्दसुद्धा चालत नाही. श्रीपतची धाकटी मुलगी जना लहान असताना बाप अंधार पडल्यावर घरी आला की दारातच विचारायची, "आबा, परत दिलंत का?" श्रीपत म्हणायचा, "दिलं गं बाय, दिलं." मग ती त्याला आत येऊ द्यायची.

आता जना बावीस वर्षांची होती, बी.कॉम. झाली होती, आणि खालापूरला कोर्टाजवळ एका वकिलाकडे दिवसभर टायपिंग करत होती. वर्ष अठ्ठ्याऐंशी. पनवेलला तिनं सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कोर्स संपला आणि बोटं आखडायला लागली, कारण सरावाला कॉम्प्युटर आणायचा कुठून? तेव्हा श्रीपतनं जन्मात कधी न केलेली गोष्ट केली. कर्जतच्या लडकू भंगारवाल्याकडे जुनी केबल बघायला गेला आणि कॉम्प्युटर घेऊन आला. रसायनीच्या कुठल्याशा कारखान्यानं तो भंगारात काढला होता. अमेरिकेहून आलेला, पाच वर्षांचा, म्हणजे त्या जातीत म्हाताराच. बायको चंद्रभागा म्हणाली, "केबल आणायला गेलाव नि पेटारा आणलाव." पण जनानं दोन दिवस खपून तो सुरू केला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली तेव्हा चंद्रभागेनंही पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली.

अडचण एकच होती, आणि ती श्रीपतच्या वर्मावर बोट ठेवणारी. त्यांचं घर खालापूरपासून तीन मैलांवर, बौद्धवाडीत, लाइनीच्या अगदी शेवटच्या खांबाखाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अलीकडे मालोजीची भाताची गिरणी. भातं झोडून झाली की गिरणी दुपारी चारला सुरू व्हायची ती सातला थांबायची, आणि तेवढा वेळ ओव्हाळांच्या घरातला बल्ब विझत आलेल्या चुलीसारखा लालसर दिसायचा. जना साडेपाचला घरी यायची. ती कॉम्प्युटर चालू करायची, तो अर्धवट घुरघुरायचा आणि आपोआप बंद पडायचा. सात वाजेपर्यंत ती त्याच्यासमोर हात बांधून बसायची. सातनंतर सैपाक, भांडी, पाणी.

डिसेंबरात रसायनीच्या एका कारखान्यातून पत्र आलं. कॉम्प्युटर ऑपरेटरची एक जागा, कायमची. सोमवारी सकाळी दहा वाजता परीक्षा. मशीनवर बसायचं, दिलेला मजकूर टाइप करायचा, फ्लॉपीत साठवायचा आणि ती फ्लॉपी परीक्षा घेणाऱ्या बाईंच्या हातात द्यायची. जनानं ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

त्याआधीच्या मंगळवारी ती कामावरून आली, बटण दाबलं, मशीन बंद पडलं. दुसऱ्यांदा दाबलं, परत तेच. ती काही रागानं बोलली नाही, नुसतं म्हणाली, "आबा, तुमी तीस वरसं सगळ्या तालुक्याला वीज दिलीत. आपल्या घरात कदी येनार?" आणि चहा टाकायला आत गेली.

हे वाक्य श्रीपतला लागलं. तो उठून मशीनच्या मागं गेला. वाकून बघतो तर वीज आत जाते त्या डब्याला एक बारीक खाच, खाचेत लाल खटका, आणि खटक्यावर आकडा: दोनशे तीस. पेचकसाच्या टोकानं किंचित सरकवला तर दुसरा आकडा दिसला: एकशे पंधरा.

आता दुसरा कुणी असता तर त्याला काही कळलं नसतं आणि सगळं निभावलं असतं. पण श्रीपत लाइनमन होता. गावाचं व्होल्टेज पडलं की ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज वरखाली करायचा खटका, बदलायचा, हे त्यानं शेकडो वेळा केलेलं. टीव्हीच्या स्टॅबिलायझरचं चाकसुद्धा लोक असंच हातानं फिरवतात. त्यानं आपला जुना मीटर काढून प्लगला लावला. काटा एकशे चाळीसवर. एकशे चाळीस हे एकशे पंधराच्या जवळ की दोनशे तीसच्या? हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. श्रीपतनं खटका एकशे पंधरावर सरकवला आणि साळसूदपणे येऊन खाटेवर बसला. तो काही सांगणार नव्हता. तिला आधी नवल वाटू दे, मग जेवताना सावकाश सांगू, असा त्याचा बेत. एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आज कुणीतरी विचारणार होतं.

जना आली, बटण दाबलं, आणि मशीन सुरू झालं. गिरणी घरघरत होती, बल्ब लाल होता, आणि मशीन चालत होतं. "आबा, चाललं," ती म्हणाली. श्रीपत मिशीत हसला. तासभर ती टाइप करत होती. चंद्रभागा दोनदा दारात येऊन बघून गेली. त्या तासाइतकं सुख श्रीपतला रिटायर झाल्यापासून मिळालं नव्हतं.

सातला मालोजीनं गिरणीचा पट्टा सोडला.

हे श्रीपतला ठाऊक नव्हतं असं नाही. गिरणी थांबली की व्होल्टेज एकदम उसळी घेतं, हे त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण कौतुकात बुडालेल्या माणसाला घड्याळ दिसत नाही. बल्ब लख्ख झाला, आणि मशीनच्या मागं फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पांढरा धूर आला, जळक्या बेकलाइटचा वास घरभर पसरला.

त्याच क्षणी जनानं फ्लॉपी बाहेर ओढली होती. फ्लॉपीच्या तोंडाशी एक लाल दिवा असतो, आणि तो पेटलेला असताना फ्लॉपीला हात लावायचा नाही असं पनवेलच्या कोर्समधल्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दिवा पेटलेला होता. जना हातातल्या फ्लॉपीकडे बघत राहिली.

"माज्या हातनं झालं," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं व्हतं. लाल दिवा असताना काढायची नाय. मीच काढली."

श्रीपतनं प्लग उपटला. बोलायला तोंड उघडलं. आणि माणूस कसा असतो बघा, तोंडातून आलं ते एवढंच, "जाऊ दे, लागलं नाय ना तुला?" मग ती तोंड धुवायला गेली तेव्हा त्यानं पेचकस घेतला आणि लाल खटका गुपचूप परत दोनशे तीसवर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो डबा पिशवीत घालून खालापूरला गेला. एस.टी. स्टँडसमोर झहीर मुकादमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्या दुकानाला पहिलं कनेक्शन श्रीपतनंच दिलेलं, म्हणून झहीर त्याला काका म्हणायचा आणि चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. त्यानं डबा उघडला. आत दोन मोठे कपॅसिटर फाटून त्यांचं पोट बाहेर आलं होतं. सर्किटची पट्टी कोळशासारखी काळी. झहीरनं वास घेतला, मग मागच्या खटक्याकडे बघितलं, मग श्रीपतकडे.

"काका, खटका दोनशे तीसवर असताना हे असं फुटत नाय."

श्रीपतनं डब्याचं झाकण उचलून उलटं ठेवलं.

"कोनी सरकवला?"

"टॅप समजलो रं मी," श्रीपत म्हणाला. "एकशे चाळीस व्होल्टेज व्हतं. वाटलं, टॅप बदलतो."

झहीर हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो तर मी पण केलं असतं. पन हे आता दुरुस्त व्हायचं नाय. नवीन बसवायला लागंल. जनाला काय सांगितलंव?"

"तिला वाटतंय तिच्या हातनं झालं."

"मग सांगा तिला."

"आधी नवा बसवू दे. मशीन चालू झालं की सांगतो. नुसतं सांगून काय उपयोग? दोन्ही हात रिकामे घेऊन कसा जाऊ?"

हे त्याला खरंच पटलेलं होतं. तीस वर्षांत त्यानं बिघाड आधी काढला होता आणि बोलला होता मग. शिवाय मुलगी बापाला या एकाच विद्येत शहाणा समजत होती. तेवढं एक दुकान बंद झालं तर उरतं काय?

गुरुवारी तो कर्जतला लडकूकडे गेला. लडकूनं ढिगातून हुबेहूब तसाच डबा काढून दिला. तोच रंग, तीच जाळी, तोच लाल खटका. श्रीपत खूश होऊन निघाला. झहीर त्याच दिवशी पार्ट आणायला मुंबईला गेला होता, तो लॅमिंग्टन रोडवरून आणखी दोन डबे घेऊन आला, न बसला तर परत करायच्या बोलीवर. शनिवारी तिन्ही डबे दुकानाच्या काउंटरवर ओळीत मांडले. वधूपरीक्षेला मुली बसवतात तसे, असं झहीर म्हणाला, पण श्रीपत हसण्याच्या अवस्थेत नव्हता. हातात सुतळी होती. मशीनच्या पोटातल्या जागेचं माप त्यानं तिला गाठी मारून आणलं होतं.

लडकूचा डबा सुतळीत चपखल बसला. "पन हा त्रेसष्ट वॅटचा," झहीर म्हणाला. "तुमचा मूळचा एकशे तीसचा. जनाच्या मशीनमंदी हार्ड डिस्क हाय. ती फिरायला लागली की ह्याचा जीव जाईल. रंग बघून बैल घेऊ नका."

दुसरा होता दोनशे वॅटचा, नवाकोरा. श्रीपत त्याच्याकडे बघत राहिला. जास्त वॅट म्हणजे जास्त करंट घुसतो असं नाही, मशीन जेवढं लागेल तेवढंच ओढतं, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण मंगळवारपासून त्याचा स्वतःच्या ठाऊक असण्यावरचा विश्वासच उडाला होता. त्यानं शिकाऊ उमेदवारासारखं विचारलं, "जादा वॅटनं जळनार तर नाय ना?" झहीरला ते ऐकून वाईट वाटलं. "काका, हे तुमी मला इचारताव?" तो म्हणाला. पण तो डबा सुतळीच्या दोन बोटं बाहेर गेला. बसलाच नसता.

तिसरा एकशे पन्नास वॅटचा, इकडेच कुठेतरी जुळवलेला, नाव नाही, गाव नाही, पत्रा थोडा वाकडा. सुतळीत बसला. श्रीपतनं तो उलटा करून मागची बाजू बघितली. परत बघितली.

"ह्याला खटका नाय?"

"नाय. देशी माल. फकस्त दोनशे तीस."

"हाच दे," श्रीपत म्हणाला.

झहीरनं डबा कागदात बांधला. सुतळी तोडता तोडता म्हणाला, "खटका नाय म्हनून बोलायचं ऱ्हायलंय ते संपत नाय, काका."

रविवारी दुपारी, गिरणी सुरू व्हायच्या आधी, झहीर स्वतः घरी आला. मशीनचं झाकण काढलं, रिकाम्या जागेत नवा डबा बसवला. शेवटी दोन प्लग मुख्य पट्टीवर शेजारी शेजारी लावायचे होते. ते उलटसुलट लागले तर सगळंच जळतं. झहीरनं मुद्दाम जनाला हाक मारली. "ये, तू लाव. सोपं हाय. काळ्या वायरी काळ्या वायरींना लागून. एवढंच ध्येनात ठेव."

जना पुढं आली. तिनं प्लग हातात घेतला, पट्टीपर्यंत नेला. तिनं तो झहीरच्या हातात परत दिला. "तुमीच लावा, झहीरभाई. माजा हात नको."

झहीरनं श्रीपतकडे बघितलं. श्रीपत खाटेखाली पडलेला स्क्रू शोधत होता. तो स्क्रू केव्हाच सापडून त्याच्या मुठीत होता.

मशीन सुरू झालं. हिरवी अक्षरं आली, हार्ड डिस्क गुणगुणली. जनानं मागं वाकून बघितलं. "आबा, आदीच्याला मागं कायतरी लाल व्हतं ना?"

"ते काय कामाचं नव्हतं," श्रीपत म्हणाला. आपल्याला एवढं सरळ खोटं बोलता येतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

झहीर गेला. जना खुर्चीवर बसली, दोन ओळी टाइप केल्या, फ्लॉपीचा लाल दिवा पेटला तसे दोन्ही हात मांडीवर घेतले. दिवा विझल्यावरही बराच वेळ तिनं हात उचलले नाहीत. दहा मिनिटांत तिनं मशीन बंद केलं. "नको आबा. परत कायतरी व्हायचं. उद्या तितंच बघीन." सोमवारची परीक्षा, आणि पोरगी रविवारी दहा मिनिटांत उठली. चंद्रभागा नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "मंगळवारपासनं धड जेवली नाय ती. तुमी कायतरी बोला तिच्याशी."

जेवताना श्रीपतनं हाक मारली, "जना."

"हां, आबा."

सगळं ओठांवर आलं होतं. खटका, टॅप, एकशे चाळीस, सगळं. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आज कशाला? परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचं डोकं कशाला फिरवा? आपल्या सोयीचं कारण माणसाला किती पटकन सापडतं. "कालवण घे अजून," तो म्हणाला.

सोमवारी तो तिच्याबरोबर रसायनीला गेला. एस.टी.त ती खिडकीशी बसली, मांडीवर पत्राची फाटकी घडी. पाताळगंगेचा पूल आला तेव्हा तिनं विचारलं, "आबा, तितलं मशीन नवीन आसंल ना? ते तर लई महाग." श्रीपत म्हणाला, "तू भिऊ नको." भिऊ नको म्हणणं किती स्वस्त असतं. कारखान्याच्या गेटावर वॉचमननं तिचं नाव वहीत बघितलं आणि ती आत गेली. श्रीपत गेटासमोर चिंचेखाली उभा राहिला. गेटामागं ट्रान्सफॉर्मर होता, कुंपण नीट, तेलाचा एक थेंब खाली नाही. एरवी त्यानं कौतुक केलं असतं. आज त्याला त्याच्याकडे बघवेना.

तासाभरानं ती बाहेर आली. चेहरा बघून त्यानं काही विचारलं नाही. दोघं एस.टी.नं घरी आले. चंद्रभागेनं पाणी दिलं. संध्याकाळ झाली, गिरणी घरघरत होती, बल्ब लाल होता. जना त्या मशीनच्या खुर्चीवर, पण मशीनकडे पाठ करून बसली, आणि मग आपण होऊनच सांगायला लागली.

"बाई चांगल्या व्हत्या. चालू करा म्हनाल्या. माजा हात बटनापर्यंत गेला नि थांबला. मी म्हटलं, तुमीच करा. त्या हसल्या. मजकूर सगळा टाइप केला मी, आबा. एक चूक नाय केली. येळेच्या आदी झाला. साठवला. मग फ्लॉपी काडून त्येंच्या हातात द्यायची व्हती." ती थांबली. "दिवा विझला व्हता. मला दिसत व्हतं विझलाय. तरी वाटलं, आपल्याला दिसत नसंल, पेटलेलाच आसंल. हात लावला नि परत काडला. घंटा झाली. बाई म्हनाल्या, फ्लॉपी द्या. मी नुसती बसून ऱ्हायले. पुडल्या पोराला बोलावलं त्येंनी. त्येनं माजी फ्लॉपी खटकन काडून टेबलावर टाकली. बाई म्हनाल्या, अहो, एवढं साधं तुम्हाला जमत नाही?"

श्रीपत खाटेवर बसला होता. गुडघ्यांवरचे आपले हात त्याला दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. मशीन दुरुस्त झालं होतं. तिन्ही डब्यांतला बरोबर डबा त्यानं निवडला होता, सुतळीत मोजून, वॅट बघून. आणि जिथं बिघाड होता तिथं तो आठवडाभर गेलाच नव्हता.

"जना," तो म्हणाला, "ते फ्लॉपीनं नव्हतं जळलं."

ती वळली.

"तू चहा टाकायला गेली व्हतीस. मागं लाल खटका व्हता. तो मी सरकवला. मला टॅप वाटला. सातला गिरणी थांबली नि फुल वीज आली, म्हनून फुटलं. तुज्या हातनं कायबी झालं नाय. मी खटका परत जागेवर ठेवला, कुनाला कळू नाय म्हनून." एवढं बोलून त्याला दम लागला, जसा खांब चढूनही कधी लागला नव्हता.

जना खुर्चीवरून उठली. रडली नाही, चिडली नाही. तिनं आधी मशीनच्या मागं बघितलं, जिथं आता खटका नव्हता. मग त्याच्याकडे बघितलं, आणि लहानपणी दारात उभी राहून विचारायची तसं, अगदी तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली,

"आज परत देताव व्हय, आबा?"

पलीकडे मालोजीनं पट्टा सोडला. गिरणी थांबली आणि बल्ब एकदम लख्ख झाला. घरातला कानाकोपरा दिसायला लागला, जनाचा चेहरा दिसायला लागला. श्रीपतला वाटलं, आज गिरणी आणखी थोडा वेळ चालायला हवी होती.